नागरिक पोलीस अकादमी

नागरिक पोलीस अकादमी हा पोलीस दलाने सर्वसामान्य रहिवाशांसाठी चालवलेला एक अल्पमुदतीचा ओळखवर्ग होय. पोलिसांचे दैनंदिन कामकाज, त्यामागील कायदा, तपासाच्या पद्धती आणि बळाच्या वापरावरील मर्यादा यांची माहिती नागरिकांना करून देणे हा त्याचा हेतू असतो. हा उपक्रम मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रुजला. तेथील नगर पोलीस विभाग, काउंटीचे शेरीफ कार्यालय आणि काही विद्यापीठांचे पोलीस विभाग असे वर्ग भरवतात. नावात 'अकादमी' हा शब्द असला तरी या वर्गातून पोलीस तयार होत नाहीत. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास अटकेचा, झडतीचा किंवा शस्त्र बाळगण्याचा कोणताही जादा अधिकार मिळत नाही. त्यामुळे नाशिक येथील महाराष्ट्र पोलीस अकादमीसारख्या अधिकारी घडवणाऱ्या प्रशिक्षणसंस्थांपासून ही संकल्पना पूर्णपणे वेगळी आहे.

नाव आणि व्याप्ती

नावातील 'नागरिक' हा शब्द राष्ट्रीयत्वाच्या अर्थाने नव्हे, तर 'पोलीस नसलेली सामान्य व्यक्ती' या अर्थाने योजलेला आहे. बहुतेक ठिकाणी त्या गावात राहणारी किंवा तेथे नोकरी-व्यवसाय करणारी व्यक्ती प्रवेशास पात्र ठरते. या शब्दामुळे स्थलांतरितांचा गैरसमज होऊ नये म्हणून काही विभागांनी 'कम्युनिटी पोलीस अकादमी' असे नाव स्वीकारले आहे. स्पॅनिशभाषक वस्ती मोठी असलेल्या काही शहरांत हे वर्ग स्पॅनिश भाषेतही भरतात. किशोरवयीन मुलांसाठी, ज्येष्ठांसाठी किंवा धर्मोपदेशकांसाठी स्वतंत्र वर्ग काढण्याची प्रथाही आढळते.

अमेरिकेत एकच एक राष्ट्रीय किंवा राज्यव्यापी पोलीस दल नाही. नगर, काउंटी, राज्य आणि संघराज्य अशा निरनिराळ्या स्तरांवर मिळून सुमारे 18,000 कायदा-अंमलबजावणी संस्था तेथे आहेत. लहान गावाचेही स्वतःचे पोलीस खाते असते आणि त्याचा खर्च स्थानिक करातून भागवला जातो. करदाता आणि पोलीस खाते यांचा संबंध असा थेट असल्यामुळे आपल्या कामाची ओळख रहिवाशांना करून देण्याची गरज तेथील विभागांना अधिक भासते. या वर्गांचा अभ्यासक्रम गावोगावी वेगळा असण्याचे कारणही हेच आहे.

इतिहास

या कल्पनेचा उगम इंग्लंडमध्ये झाला. नैर्ऋत्य इंग्लंडमधील डेव्हन अँड कॉर्नवॉल कॉन्स्टॅब्युलरी या पोलीस दलाने 1977 मध्ये 'पोलीस नाइट स्कूल', म्हणजे पोलिसांची रात्रशाळा, सुरू केली. पोलीस अधिकारी आपल्या कामाविषयी नागरिकांना संध्याकाळी व्याख्याने देत असत. या प्रयोगापासून प्रेरणा घेऊन फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो शहराच्या पोलीस विभागाने 1985 मध्ये अमेरिकेतील पहिली नागरिक पोलीस अकादमी भरवली. लवकरच टेक्सास आणि इतर राज्यांतील शहरांनी तिचे अनुकरण केले.

हा काळ अमेरिकी पोलीस व्यवस्थेतील स्थित्यंतराचा होता. 1960 च्या दशकात अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या होत्या. त्यांची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या कर्नर आयोगाने 1968 च्या अहवालात कृष्णवर्णीय वस्त्या आणि पोलीस यांच्यातील तीव्र दुराव्याकडे लक्ष वेधले. मोटारीतून गस्त आणि बिनतारी संदेशयंत्रणा आल्याने पोलीस घटनास्थळी लवकर पोचू लागले होते. परंतु पायी गस्तीतून होणारी रहिवाशांची ओळख मात्र हरवली होती. यावर उपाय म्हणून 1980 च्या दशकात 'समुदायाभिमुख पोलीसकार्य' ही विचारधारा पुढे आली. 1994 च्या संघीय गुन्हेविषयक कायद्यानंतर तिला केंद्राचा निधी मिळू लागला आणि नागरिक अकादम्यांचा प्रसार वेगाने झाला.

संघीय अन्वेषण विभागाने, म्हणजे एफबीआयने, 1993 मध्ये ॲरिझोना राज्यातील फीनिक्स येथे आपली पहिली नागरिक अकादमी घेतली. पुढे हा उपक्रम तिच्या देशभरातील विभागीय कार्यालयांत पसरला. नगर पोलिसांच्या वर्गास कोणीही रहिवासी अर्ज करू शकतो. एफबीआयच्या वर्गात मात्र उद्योग, शिक्षण, धर्म आणि समाजकार्य या क्षेत्रांतील व्यक्तींची प्रामुख्याने शिफारशीवरून निवड होते.

प्रवेश आणि स्वरूप

वर्ग साधारणतः आठ ते चौदा आठवडे चालतो. आठवड्यातून एका संध्याकाळी सुमारे तीन तासांचे सत्र असते. एका तुकडीत वीस ते तीस जण घेतले जातात. शुल्क बहुधा आकारले जात नाही. किमान वयाची अट 18 किंवा 21 वर्षे असते. अर्जदाराची गुन्हेविषयक पार्श्वभूमी तपासली जाते आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास सामान्यतः प्रवेश मिळत नाही. काही उपक्रमांत इजा होण्याचा संभव असल्याने नुकसानभरपाईचा दावा न करण्याविषयीच्या कागदावर सही घेतली जाते.

शिकवणारे प्राध्यापक नसून त्या त्या शाखेत काम करणारे अधिकारीच असतात. गस्तीवरील हवालदार गस्तीविषयी, गुप्तहेर तपासाविषयी आणि श्वानपथकातील अधिकारी आपल्या कुत्र्यासह बोलतो. व्याख्यान, प्रात्यक्षिक, भेट आणि प्रश्नोत्तरे असा क्रम असतो. परीक्षा नसते, ठरावीक उपस्थिती भरल्यास समारोपाच्या दिवशी प्रमाणपत्र दिले जाते.

अभ्यासक्रम

अभ्यासक्रमाची निश्चित राष्ट्रीय रूपरेषा नाही. तथापि पुढील विषय बहुतेक ठिकाणी आढळतात.

नियंत्रण कक्ष आणि आपत्कालीन दूरध्वनी

अमेरिकेत 911 या क्रमांकावरील पहिला दूरध्वनी 16 फेब्रुवारी 1968 रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या गावी झाला. ब्रिटनमधील 999 ही सेवा त्याहून जुनी, 1937 मधील आहे. आज भारतात याच कामासाठी 112 हा क्रमांक आहे.

नियंत्रण कक्षाच्या भेटीत शिकवली जाणारी पहिली गोष्ट म्हणजे ठिकाण आधी सांगावे, घटना नंतर. घाबरलेला माणूस प्रथम काय घडले ते सांगू लागतो. पण संभाषण मध्येच तुटले तर पत्त्यावाचून मदत पाठवता येत नाही. भ्रमणध्वनीवरून आलेल्या हाकेचे स्थान यंत्रणेला नेहमीच अचूक कळते असे नाही. दुसरी गोष्ट अशी की, कक्षातील कर्मचारी प्रश्न विचारत असताना मदत रखडलेली नसते. एक जण बोलत असतानाच दुसरीकडे गाडी रवाना होत असते. 'प्रश्न कसले विचारता, आधी माणसे पाठवा' हा नागरिकांचा संताप बहुधा या अज्ञानातून येतो. हाका कोणत्या क्रमाने हाताळायच्या हेही येथे कळते. जिवाला धोका असलेली घटना आधी, घडून गेलेली चोरी नंतर असा तो क्रम असतो.

थांबवणे, झडती आणि अटक

कायद्याचे सत्र हा या वर्गाचा कणा मानला जातो. अमेरिकी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती नागरिकांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण देते. तिचा व्यवहारातील अर्थ सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांमधून समजावला जातो.

त्यांपैकी टेरी विरुद्ध ओहायो हा 1968 चा निवाडा महत्त्वाचा आहे. 1963 मध्ये क्लीव्हलँड शहरात एका अनुभवी गुप्तहेराने दोन माणसांना एका दुकानाच्या खिडकीत पुन्हा पुन्हा डोकावून परतताना पाहिले. दरोड्याचा बेत असावा अशा शंकेने त्याने त्यांना थांबवून कपड्यांवरून हात फिरवला, तेव्हा पिस्तुले सापडली. न्यायालयाने ही कृती वैध ठरवली. त्यातून दोन पायऱ्या स्पष्ट झाल्या. सांगता येण्याजोग्या तथ्यांवर आधारलेली 'वाजवी शंका' असल्यास पोलीस एखाद्यास थोडा वेळ थांबवू शकतात आणि तो सशस्त्र असल्याची वाजवी शंका असल्यास वरवरची चाचपणी करू शकतात. अटक करण्यासाठी मात्र त्याहून बळकट असे 'संभाव्य कारण' लागते. केवळ अधिकाऱ्याच्या मनातील संशय पुरत नाही.

मिरांडा विरुद्ध ॲरिझोना या 1966 च्या निवाड्याविषयीचा गैरसमजही येथे दूर केला जातो. चित्रपटांमुळे असा समज रूढ आहे की, अटक करताना हक्क वाचून दाखवले नाहीत तर आरोपी सुटतो. प्रत्यक्षात ताबा आणि चौकशी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच ही सूचना आवश्यक ठरते. ती न दिल्यास त्या चौकशीत दिलेला जबाब सरकारपक्षाला आपला पुरावा म्हणून सामान्यतः मांडता येत नाही. खटला आपोआप निकाली निघत नाही. ज्याच्या नावाने हा निवाडा ओळखला जातो तो आरोपीही फेरखटल्यात इतर पुराव्यांवर पुन्हा दोषी ठरला होता.

वाहन थांबवणे

वाहन थांबवण्याचे प्रात्यक्षिक नागरिकांना विशेष उपयोगी पडते, कारण पोलिसांशी त्यांचा संबंध बहुधा याच प्रसंगी येतो. प्रात्यक्षिकात रहिवासी पोलिसाच्या भूमिकेत थांबवलेल्या मोटारीकडे चालत जातो. रात्रीच्या वेळी आत किती माणसे आहेत आणि त्यांच्या हातांत काय आहे हे दिसत नसताना खिडकीपर्यंतची काही पावले किती अवघड असतात याचा अनुभव तो घेतो. त्यावरून चालकाने काय करावे हे आपसूक कळते: गाडीतील दिवा लावावा, हात सुकाणू-चक्रावर दिसतील असे ठेवावेत आणि कागदपत्रे काढण्यापूर्वी तसे सांगावे.

चालकाचे हक्कही याच सत्रात येतात. 1977 च्या एका निवाड्यानुसार पोलीस चालकास गाडीबाहेर येण्यास सांगू शकतात. मात्र 2015 च्या रॉड्रिग्झ विरुद्ध संयुक्त संस्थाने या निवाड्यानुसार वाहतूक नियमभंगाचे काम संपल्यावर वाजवी शंका नसताना, केवळ श्वानाकडून गाडी हुंगवून घेण्यासाठी चालकास ताटकळत ठेवता येत नाही.

मद्यपान करून वाहन चालवण्याच्या संदर्भात रस्त्यावर घ्यायच्या तीन प्रमाणित चाचण्या दाखवल्या जातात. हलत्या वस्तूमागे नजर फिरवताना बुबुळाची थरथर पाहणे, सरळ रेषेत टाच-अंगठा जुळवत चालणे व वळणे आणि एका पायावर उभे राहणे अशा त्या आहेत. दृष्टीत भ्रम निर्माण करणारे चष्मे घालून रेषेवर चालण्याचा प्रयोग वर्गात हशा पिकवतो. पण त्यामागील धडा गंभीर असतो. रक्तातील मद्यार्काची कायदेशीर मर्यादा बहुतेक राज्यांत 0.08 टक्के असून, युटा राज्याने डिसेंबर 2018 अखेर ती 0.05 टक्क्यांवर आणली.

घटनास्थळाचा तपास

या सत्रात रहिवासी स्वतः ब्रशने भुकटी लावून काचेवरील बोटांचे ठसे उमटवतात आणि चिकटपट्टीने उचलतात. ठशांच्या वळसा, चक्र आणि कमान या तीन मुख्य आकृती ओळखायला शिकवल्या जातात. या विषयाचा भारताशी जवळचा संबंध आहे. गुन्हेतपासासाठी ठशांची पद्धतशीर नोंद ठेवणारा विभाग 1897 मध्ये कोलकात्यात स्थापन झाला. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गीकरण पद्धतीच्या घडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता.

येथे मुख्यतः दूरचित्रवाणी मालिकांनी निर्माण केलेल्या अपेक्षांचे निरसन होते. खडबडीत पृष्ठभागावर ठसा बहुधा उमटत नाही, उमटला तरी तो पुसट किंवा अपुरा असतो आणि जनुकीय चाचणीचा निष्कर्ष तासाभरात हाती येत नाही. घरफोडी झाल्यावर घर आवरू नये, कशालाही हात लावू नये आणि शक्य तर बाहेर थांबून पोलिसांना बोलवावे, ही साधी गोष्ट या सत्रातून मनावर ठसते.

बळाचा वापर

बळाचा वापर हा या वर्गातील सर्वांत नाजूक विषय आहे. त्याचा कायदेशीर पाया दोन निवाड्यांवर उभा आहे. 1974 मध्ये टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे घरफोडीच्या संशयावरून कुंपण ओलांडून पळणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या निःशस्त्र मुलावर पोलिसाने गोळी झाडली आणि तो मरण पावला. पळणाऱ्या संशयितावर गोळी झाडण्यास तेव्हा राज्याच्या कायद्याची मुभा होती. टेनेसी विरुद्ध गार्नर या 1985 च्या निवाड्याने ती मुभा घटनाबाह्य ठरवली. पळणारा मनुष्य अधिकाऱ्याच्या किंवा इतरांच्या जिवास गंभीर धोका आहे असे मानण्यास संभाव्य कारण असल्याखेरीज त्याच्यावर प्राणघातक बळ वापरता येत नाही.

दुसरा निवाडा ग्रॅहम विरुद्ध कॉनर, 1989. 1984 मध्ये उत्तर कॅरोलायनातील शार्लट येथे एक मधुमेही गृहस्थ साखर उतरल्यामुळे फळांचा रस घेण्यासाठी दुकानात शिरले आणि रांग मोठी पाहून घाईने बाहेर पडले. चोरीच्या संशयाने पोलिसांनी त्यांना अडवले. ते आजारी असल्याचे सांगूनही त्यांना बेड्या घालण्यात आल्या आणि झटापटीत त्यांच्या पायाचे हाड मोडले. बळाचा वापर योग्य होता की नाही हे घटनास्थळी असलेल्या एखाद्या समंजस अधिकाऱ्याच्या दृष्टीने ठरवावे, मागाहून मिळालेल्या माहितीच्या आधारे नव्हे, अशी कसोटी न्यायालयाने घालून दिली. ही कसोटी आजही प्रमाण आहे. ती अधिकाऱ्यांना फार झुकते माप देते, अशी टीका अनेक विधिज्ञ करतात.

यानंतर 'गोळी झाडावी की न झाडावी' हा सराव होतो. रहिवाशाच्या हाती नकली शस्त्र देऊन पडद्यावर प्रसंग दाखवला जातो. समोरच्या माणसाने खिशातून काढलेली वस्तू पिस्तूल आहे की पाकीट याचा निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो. बरेच जण एकदा तरी चुकतात. निर्णयाला मिळणारा वेळ किती थोडा असतो, हे त्यातून उमगते.

सॉल्ट लेक सिटी येथील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये मांडलेले अंतराचे गणितही पूर्वी हमखास सांगितले जाई. सुरी घेतलेला माणूस 21 फूट, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर, अंतर दीड सेकंदात कापतो आणि पिस्तूल काढून नेम धरण्यास अधिकाऱ्याला तेवढाच वेळ लागतो, असे ते निरीक्षण होते. पुढे त्याला ठोकळ नियमाचे रूप आले आणि त्याच्या आधारे गोळीबाराचे समर्थन होऊ लागले. अलीकडे पोलीस क्षेत्रातील सुधारणावाद्यांनी त्यास आक्षेप घेतला असून, अंतर वाढवणे, आडोसा घेणे आणि बोलत राहून वेळ मिळवणे यांवर भर दिला जातो.

याच प्रवाहातील 'मेम्फिस प्रारूप' अनेक वर्गांत शिकवले जाते. 1987 मध्ये मेम्फिस येथे मानसिक आजार असलेल्या एका व्यक्तीचा पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला. त्यानंतर 1988 मध्ये पोलीस, मनोविकारतज्ज्ञ आणि रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटना यांनी मिळून अधिकाऱ्यांसाठी 40 तासांचे खास प्रशिक्षण आखले. घरात मानसिक आजाराचा रुग्ण असणाऱ्यांना आपत्कालीन दूरध्वनी करताना तसे स्पष्ट सांगण्याचा आणि असा प्रशिक्षित अधिकारी मागण्याचा सल्ला येथे मिळतो.

इतर विषय

अमली पदार्थ, कौटुंबिक हिंसा, समाजमाध्यमांवरील फसवणूक, बालगुन्हेगारी, तुरुंगाची भेट, श्वानपथक आणि विशेष सशस्त्र पथक हे विषय सोयीनुसार घेतले जातात. अंगावरील कॅमेऱ्यांचा वापर 2014 नंतर वाढल्याने त्या चित्रणाचे नियम, ते कोणाला पाहता येते आणि किती काळ जपले जाते, याविषयीचे प्रश्न आता नेहमी विचारले जातात. अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार कशी करावी आणि तिची चौकशी कोण करते याची माहिती चांगल्या वर्गांत स्वतंत्र सत्रात दिली जाते.

गस्तफेरी

अनेक ठिकाणी सहभागी रहिवाशास एका पाळीत पोलिसांच्या गाडीतून गस्तीवर नेले जाते. यास 'राइड-अलाँग' म्हणतात. रहिवाशाने अधिकाऱ्याच्या सूचना पाळणे, घटनास्थळी हस्तक्षेप न करणे आणि पाहिलेल्या खासगी गोष्टींची वाच्यता न करणे बंधनकारक असते. पाळीचा बराचसा वेळ पाठलागात नव्हे, तर अहवाल लिहिण्यात, भांडणे सोडवण्यात, बेवारस वाहने पाहण्यात आणि नुसत्या फिरण्यात जातो, हे रहिवाशांना या फेरीत प्रत्यक्ष दिसते.

समारोपानंतर

प्रमाणपत्र मिळवलेल्यांच्या माजी विद्यार्थी संघटना अनेक शहरांत आहेत. शेजार-पहारा, हरवलेल्यांचा शोध, जत्रेतील वाहनव्यवस्था आणि कार्यालयीन कामात मदत अशी स्वयंसेवा त्यांचे सदस्य करतात. हे काम पोलिसी अधिकारांविना होते. गुन्हा दिसल्यास स्वतः पाठलाग न करता नीट पाहून कळवावे, हा वर्गातील दंडक माजी विद्यार्थ्यांनाही लागू असतो.

परिणाम आणि टीका

या वर्गांच्या परिणामांविषयी 1990 च्या दशकापासून संशोधन झाले आहे. वर्ग पूर्ण करणाऱ्यांचे पोलिसांविषयीचे मत अधिक अनुकूल होते आणि त्यांच्या कामाची जाण वाढते, असे अभ्यासांतून सामान्यतः आढळले. मिशिगन राज्यातील लॅन्सिंग शहराच्या वर्गाचा अभ्यास करणारे जोसेफ शेफर आणि एलिझाबेथ बोनेलो यांनी 2000 च्या दशकाच्या आरंभी हे वर्ग केवळ मनोरंजन करतात काय, असा थेट प्रश्न उपस्थित केला.

मुख्य आक्षेप तीन आहेत. पहिला, येणारे लोक मुळातच पोलिसांविषयी आस्था बाळगणारे असतात. मध्यमवर्गीय, प्रौढ आणि श्वेतवर्णीय रहिवाशांचे प्रमाण त्यांत जास्त असते. ज्या वस्त्यांत अविश्वास सर्वाधिक आहे तेथील तरुण क्वचितच येतात आणि पार्श्वभूमी-तपासणीमुळे त्यांपैकी काहींची वाटच बंद होते. दुसरा, माहितीचा ओघ एकाच दिशेने वाहतो. नागरिक पोलिसांची बाजू समजून घेतात; पण नागरिकांची बाजू पोलिसांनी ऐकावी अशी रचना बहुधा नसते. तिसरा, श्वानपथक, शस्त्रे आणि विशेष पथक यांच्या रोमहर्षक प्रात्यक्षिकांमुळे उत्तरदायित्व, वांशिक भेदभाव आणि चुकांची कबुली हे विषय मागे पडतात. मे 2020 मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाल्यानंतर हे आक्षेप अधिक तीव्रतेने मांडले गेले.

पंटा गोर्डा दुर्घटना

9 ऑगस्ट 2016 रोजी फ्लोरिडा राज्यातील पंटा गोर्डा येथे अशाच एका वर्गात प्राणहानी झाली. 'गोळी झाडावी की न झाडावी' या प्रसंगनाट्यासाठी 73 वर्षे वयाच्या एका निवृत्त ग्रंथपाल महिलेची निवड झाली होती. संशयिताची भूमिका करणाऱ्या अधिकाऱ्याने रिव्हॉल्व्हर झाडले. त्यात पोकळ काडतुसे आहेत असे समजले जात होते. प्रत्यक्षात ती जिवंत होती. महिलेचा मृत्यू झाला. त्यांचे पती प्रेक्षकांत होते.

नगरपालिकेने कुटुंबास 20 लाख डॉलरहून अधिक भरपाई मान्य केली. तत्कालीन पोलीसप्रमुखांवर निष्काळजीपणाचा आरोप ठेवण्यात आला. 2017 मध्ये ते निर्दोष ठरले. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्यास सेवेतून काढण्यात आले. 2019 मध्ये त्याने मनुष्यवधाच्या आरोपास आव्हान न देण्याची भूमिका घेतली आणि त्यास दहा वर्षांची देखरेखीखालील परिवीक्षा देण्यात आली.

प्रात्यक्षिकाच्या जागी खरे शस्त्र आणि खरा दारूगोळा असूच नये, प्रत्येक शस्त्र एकाहून अधिक व्यक्तींनी तपासावे आणि गोळी झाडता न येणारी रंगीत प्रशिक्षण-शस्त्रेच वापरावीत, हे शस्त्रप्रशिक्षणातील जुने नियम आहेत. नागरिकांना बळाच्या वापराची जबाबदारी समजावून सांगण्यासाठी योजलेल्या सत्रातच ते पाळले गेले नाहीत. त्यामुळे या वर्गांच्या सुरक्षिततेच्या चर्चेत ही घटना आवर्जून सांगितली जाते.

भारतातील समांतर उपक्रम

भारतात पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे आणि नगरनिहाय स्वतंत्र पोलीस खाती नाहीत. त्यामुळे नागरिक पोलीस अकादमीचे अमेरिकी प्रारूप येथे जसेच्या तसे रुजलेले नाही; मात्र उद्देशाने जवळचे असे उपक्रम आढळतात. महाराष्ट्रात 2 जानेवारी या पोलीस स्थापना दिनानिमित्त होणाऱ्या सप्ताहात शाळकरी मुलांना पोलीस ठाणी दाखवली जातात आणि शस्त्रे व श्वानपथक यांची ओळख करून दिली जाते. केरळात 2008 मध्ये 'जनमैत्री' योजना आणि 2010 मध्ये 'स्टुडंट पोलीस कॅडेट' हा विद्यार्थ्यांचा उपक्रम सुरू झाला. दुसऱ्या उपक्रमाचा 2018 मध्ये देशपातळीवर विस्तार करण्यात आला.

संवादाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील भिवंडीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. 1970 आणि 1984 मध्ये दंगलींनी होरपळलेल्या या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतील रहिवासी आणि पोलीस त्यांत नियमितपणे एकत्र बसत. 1992-93 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. दंगलींनंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. येथे माहिती दोन्ही बाजूंनी वाहत होती, हा अमेरिकी वर्गांहून मोठा फरक होय.

उलट तमिळनाडूतील 'फ्रेंड्स ऑफ पोलीस' या 1993 मध्ये सुरू झालेल्या योजनेत नागरिक पोलिसांच्या प्रत्यक्ष कामात मदत करीत. 2020 मध्ये साथानकुळम येथील कोठडीतील मृत्यूंच्या प्रकरणानंतर या स्वयंसेवकांच्या भूमिकेवर प्रश्न उपस्थित झाले आणि राज्य शासनाने त्यांच्या वापरावर बंदी घातली. नागरिकाला पोलिसांचे काम समजावून देणे आणि ते काम त्याच्या हाती सोपवणे, यांतील सीमारेषा या प्रकरणाने अधोरेखित केली.

अमेरिकी वर्गातील कायद्याची माहिती भारतात जशीच्या तशी लागू होत नाही. भारतात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात होता आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. अटक झालेल्या व्यक्तीस अटकेचे कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 22 ने दिला आहे. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये अटकेसंबंधी सविस्तर निर्देश दिले. अटक करणाऱ्याने ओळखपट्टी लावणे, साक्षीदाराच्या सहीने अटकेचा पंचनामा करणे आणि नातेवाइकास कळवणे हे त्यांपैकी प्रमुख होत.

हे सुद्धा पहा

* महाराष्ट्र पोलीस
* पोलीस पाटील
* गृहरक्षक दल
* मोहल्ला समिती
* महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम